माउथ ऑर्गनचा उतरलेला सूर : पेटी कारागिरांच्या हाताशी असलेला जोडधंदा

हार्मोनियम दुरुस्त करणारा कारागीर शहरात तर असतोच, पण चौकशी केली तर तालुक्याच्या गावीही एखादा सापडतो. भाता फाटला, पट्टी अडकली, सूर उतरला की भजनी मंडळापासून कव्वालीच्या पार्टीपर्यंत सर्वजण त्याचाच दरवाजा ठोठावतात. पण याच कारागिरासमोर कुणी माउथ ऑर्गन ठेवला तर तो हातातही न घेता म्हणतो, "याचे काही होत नाही, नवीन घ्या." गिऱ्हाईक निराश होऊन परत फिरते. बाजा टेबलाच्या खणात पडतो आणि कारागिराच्या दुकानात आलेली मजुरी आल्या पावली निघून जाते.

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. माउथ ऑर्गन दुरुस्त होतो. इतकेच नव्हे, तर ज्याला पेटीचा सूर लावता येतो त्याला या कामातील निम्म्याहून अधिक भाग आधीच अवगत असतो. उरलेला भाग चिकाटीचा, चांगल्या नजरेचा आणि थोड्याशा हत्यारांचा आहे. आज जुन्या धंद्यांवर संक्रांत आली असता हाताशी असलेले काम परत पाठवणे कोणत्याही कारागिराला परवडणारे नाही, म्हणून या विषयाची तपशीलवार माहिती येथे देत आहोत.

पेटी आणि माउथ ऑर्गन ही एकाच जातीची वाद्ये. दोन्हींत पितळेचे एक लवचीक पाते खाचेवर बसवलेले असते. त्याचे एक टोक पक्के, दुसरे मोकळे. हवा गेली की मोकळे टोक खाचेत आत-बाहेर थरथरते आणि सूर निघतो. इंग्रजीत त्याला रीड म्हणतात, पेटीवाले त्यालाच सूर म्हणतात. घोटाळा नको म्हणून या लेखात धातूच्या तुकड्याला पाते व त्यातून निघणाऱ्या आवाजाला सूर म्हटले आहे.

फरक आहे तो बसवण्यात. पेटीतील प्रत्येक पात्याला स्वतःची पितळी चौकट असते व ती स्क्रूने फळीवर बसवलेली असते. सूर बिघडला की स्क्रू काढला, गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील पालिताण्याहून आलेला दुसरा सूर बसवला, काम संपले. पालिताण्याचे सूर पेटीच्या बाजारात नावाजलेले असल्याने माल मिळण्याची चिंता नाही. माउथ ऑर्गनमध्ये मात्र दहा पाती एकाच पितळी पत्र्यावर शेजारी शेजारी रिव्हेटने ठोकलेली असतात. पत्र्याची जाडी साधारणपणे एक मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहून किंचित कमीच. पाते इतके लहान की चिमट्याशिवाय धरता येत नाही. पेटीचा सूर येथे बसत नाही, तो आकारानेच मोठा असतो. कारागीर नाही म्हणतो त्याचे कारण हे आहे. कसब नाही असे नव्हे, सुटा माल समोर नसतो.

वीस पात्यांपैकी एक

सर्वाधिक वादकांच्या हाती दिसणारा दहा छिद्रांचा साधा बाजा घेऊ. वर एक पत्रा, खाली एक पत्रा आणि मध्ये कंगव्यासारखी कापलेली लाकडाची वा प्लॅस्टिकची चौकट. वरच्या पत्र्यावरील दहा पाती फुंकल्यावर वाजतात, खालच्या पत्र्यावरील दहा श्वास ओढल्यावर. एकूण पाती वीस. पांढरी एकचा बाजा असेल तर फुंकीवर फक्त सा, ग आणि प हेच तीन सूर खालपासून वरपर्यंत पुन्हा पुन्हा येतात. रे, म, ध, नी हे ओढीवर मिळतात. पेटीवाल्याला ही मांडणी एकदा कागदावर लिहून घेतली की पुरेशी आहे.

आता गिऱ्हाईक "बाजा बिघडला" म्हणून आणतो तेव्हा खरे पाहता वीसपैकी एक, फार तर दोन पाती गेलेली असतात. बाकीची अठरा-एकोणीस ठणठणीत असतात. एका पात्यापायी सगळा बाजा फेकणे म्हणजे एक काच फुटली म्हणून खिडकीच काढून टाकण्यासारखे आहे. स्वस्त चिनी बाजा असेल तर एक वेळ चालेल. पण चांगला जर्मन किंवा जपानी बाजा त्याच्या कित्येक पट किमतीचा असतो आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याकडे असे एक नव्हे तर वेगवेगळ्या पट्ट्यांचे अनेक असतात. त्याच्या दृष्टीने हा पोटाचा प्रश्न आहे.

या वाद्याला आपल्याकडे गिऱ्हाईकच नाही असे समजू नये. १९५८ च्या 'सोलवां साल'मधील हेमंतकुमार यांच्या गाण्यात आणि १९६४ च्या 'दोस्ती'त जो माउथ ऑर्गन ऐकू येतो तो तरुण राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला. 'दोस्ती'चा तर नायकच रस्त्यावर माउथ ऑर्गन वाजवणारा मुलगा आहे. १९७५ च्या 'शोले'त पडद्यावर अमिताभ बच्चन यांच्या ओठांना लागलेला बाजा प्रत्यक्षात भानू गुप्ता यांनी वाजवला होता. ते सूर ऐकून ज्यांनी हा बाजा विकत घेतला अशी पिढी अजून आहे आणि खिशात मावणारे वाद्य म्हणून शाळकरी मुलेही ते घेतच असतात.

पाते का थकते?

मध्य सप्तकातील पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४४० वेळा थरथरतो. म्हणजे तेवढाच एक सूर पाच मिनिटे धरला तर पात्याला १,३२,००० वेळा वाकावे लागते. तारेचा तुकडा एकाच जागी वर-खाली वाकवत राहिले की तो तुटतो हे प्रत्येकाने पाहिले आहे. येथे वाकणे अत्यंत थोडे असल्याने पाते वर्षानुवर्षे टिकते, परंतु तत्त्व तेच. रिव्हेटजवळ, जेथे सर्वांत जास्त ताण पडतो तेथे, केसासारखी बारीक भेग पडते. भेगेमुळे पाते मऊ पडते आणि सूर उतरतो. गिऱ्हाईक म्हणते, "काल बरा होता, आज बेसूर झाला." त्याचे म्हणणे खरे असते. भेग पडल्यावर सूर उतरण्यास वेळ लागत नाही.

जोरात वाजवणाऱ्यांची पाती लवकर जातात. त्यातही ओढीची चौथ्या व पाचव्या छिद्राची पाती प्रथम जातात, कारण गाण्याचा बराच भार याच छिद्रांवर पडतो आणि पाश्चात्य पद्धतीने मींडेसारखा सूर खाली वाकवण्याची हौसही येथेच भागवली जाते. कारागिराने ही गोष्ट गिऱ्हाइकाला जरूर सांगावी. हळू वाजवा म्हटल्याने धंदा बुडत नाही, उलट विश्वास बसतो.

दुरुस्तीआधी निदान

पाते बदलण्याची घाई करू नये. दुकानात येणाऱ्या बाजांपैकी अनेकांचे पाते शाबूत असते. खिशातील दोऱ्याचा तंतू, बिस्किटाचा कण, सुपारीची भुकटी यांपैकी काहीतरी खाचेत अडकून सूर बंद पडतो. आवरण काढून जाड कागदाची पट्टी किंवा मऊ ब्रश पात्याच्या मुळाकडून टोकाकडे फिरवला की काम होते. उलट दिशेने फिरवल्यास टोक वर उचलले जाऊन पाते वाकते, एवढे ध्यानात असावे.

दुसरा दोष म्हणजे पाते एका बाजूला सरकणे. पाते खाचेच्या भिंतीला घासले की खरखर येते. पत्रा ट्यूबलाइटसमोर धरून पाहावा. पात्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. ही फट कागदाच्या जाडीहूनही कमी असते. एका बाजूची रेघ नाहीशी झाली असेल तर रिव्हेटपाशी पात्याला किंचित वळवून मध्यावर आणावे.

तिसरा दोष पात्याच्या टोकाच्या उंचीचा. टोक पत्र्यापासून किंचित वर असावे लागते. फार वर असेल तर फुकट हवा जाते व सूर उशिरा लागतो, फार खाली असेल तर जोरात फुंकताच पाते गुदमरते. बोटाच्या हलक्या दाबाने हे ठीक होते. पेटीवाल्यांना हे शिकवावे लागत नाही.

जुन्या धर्तीच्या बाजात मधली चौकट लाकडाची असते. ती लाळेने फुगते, आकसते, कधी तडकते आणि सांध्यातून हवा गळू लागते. अशा वेळी सगळेच सूर कमजोर लागतात. सगळे सूर एकदम वाईट लागत असतील तर पाती निर्दोष आहेत असे समजून गळती शोधावी. बटण असलेल्या बारा छिद्रांच्या क्रोमॅटिक बाजात ४८ पाती असतात आणि बहुतेक पात्यांच्या खाचेवर पातळ प्लॅस्टिकची झडप चिकटवलेली असते. तेथे तर निम्म्या तक्रारी झडप चिकटल्याच्या वा सुटल्याच्या निघतात.

आणि मग येते खरी भेग. तिची ओळख सोपी आहे. सूर उतरला म्हणून कानसून चढवला आणि दोन दिवसांत पुन्हा उतरला तर पाते गेले असे खुशाल समजावे. भिंगातून रिव्हेटजवळ पाहिल्यास कधी भेग दिसते, कधी दिसत नाही. अशा पात्याला पुन्हा पुन्हा कानस लावून गिऱ्हाइकाकडून दोनदा पैसे घेणारे कारागीर आहेत. ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे. भेगेवर औषध नाही, पाते बदलणे हाच उपाय.

पाते बदलण्याची रीत

हत्यारे फारशी लागत नाहीत. घड्याळ दुरुस्तीचे बारीक स्क्रूड्रायव्हर, भिंग, टोकदार चिमटा, बारीक पंच, हलकी हातोडी, भोक पाडलेली एक सपाट पोलादी ठोकळी, हातड्रिल, बारीक आटे पाडण्याचा टॅप, सुईसारखी कानस आणि फिलर गेजची पातळ पट्टी. यांतील निम्मी हत्यारे पेटीवाल्याकडे आणि उरलेली शेजारच्या घड्याळजीकडे असतात. गंमत अशी की ज्या मथियास होनर यांच्या नावाने हा बाजा जगभर ओळखला जातो ते मुळात घड्याळजीच होते. जर्मनीतील ट्रॉसिंगेन या गावी त्यांनी १८५७ साली घरीच हे काम सुरू केले आणि पहिल्या वर्षात अवघे ६५० नग तयार केले. पुढे कारखाना वाढला तरी कितीतरी काम आसपासच्या खेड्यांतील घराघरांत वाटून दिले जात असे.

कामाला लागण्यापूर्वी बाजाची जात पाहून घ्यावी. होनरच्या १८९६ पासून निघणाऱ्या 'मरीन बँड'सारख्या जुन्या घडणीच्या बाजात पत्रे चौकटीला बारीक खिळ्यांनी ठोकलेले असतात. ते पातळ पात्याच्या सुरीने सगळीकडून थोडे थोडे उचकावे लागतात. एकाच कोपऱ्यातून जोर लावल्यास पत्रा वाकतो आणि लाकूड चिरते. नव्या घडणीत स्क्रू असतात, तेथे काम सोपे. जपानच्या सुझुकी कंपनीच्या अनेक नमुन्यांत रिव्हेटच नसतो, पाते वेल्डिंगने चिकटवलेले असते. जर्मनीतील क्लिंगेनथालच्या, १८४७ पासून चालत आलेल्या सायडल कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात स्टेनलेस स्टीलची पाती आणली. ती पितळेहून जास्त टिकतात, पण कानसायला कठीण. न पाहता हातोडी उचलणाऱ्याने या फरकांमुळे गिऱ्हाइकाचा बाजा कायमचा घालवू नये.

पत्रा सुटा झाला की त्यावर कोणते पाते काढावयाचे त्याची खूण करावी. पत्रा पोलादी ठोकळीवर असा ठेवावा की रिव्हेटचे डोके ठोकळीच्या भोकावर येईल. मग उलट बाजूने बारीक पंच लावून हातोडीचा हलका ठोका द्यावा. रिव्हेट पात्यासह खाली निघतो. निघाला नाही तर दुसऱ्यांदा जोरात मारू नये. रिव्हेटचे डोके कानसून काढावे आणि मग पुन्हा पंच लावावा. शेजारच्या पात्यांना धक्का लागू नये म्हणून आधी त्यांच्यावर चिकटपट्टी लावणारे कारागीर शहाणे.

आता नवे पाते कोठून आणावयाचे हा कळीचा मुद्दा. होनर आणि सुझुकी यांच्या अनेक नमुन्यांचे अखंड पत्रे सुटे मिळतात. सायडल तर सुटी पातीही विकते. परंतु हा माल प्रत्येक शहरातील दुकानात टांगलेला नसतो, मागवावा लागतो, आणि पत्र्यांच्या जोडीची किंमत कधी कधी नव्या बाजाच्या निम्म्याहून वर जाते. म्हणून जुने, फेकलेले बाजे गोळा करणे हाच खरा मार्ग. एक मेलेला बाजा म्हणजे एकोणीस चांगल्या पात्यांचा डबा.

मात्र येथे एक अडचण लगेच येते. सर्वांचे चौथ्या छिद्राचे ओढीचेच पाते गेलेले असते. तुमच्या डब्यात जे नाही तेच प्रत्येकाला हवे असते. पेटीवाल्याचे स्वरज्ञान येथे कामी येते. पांढरी एकच्या बाजातील चौथ्या छिद्राची ओढ म्हणजे रे. हाच सूर पांढरी दोनच्या बाजात चौथ्या छिद्राच्या फुंकीचा सा आहे. छिद्र तेच, सप्तक तेच आणि कंपनी एकच असेल तर पात्याची लांबीही बहुधा तीच. शिवाय फुंकीचे चौथे पाते सहसा थकत नाही. म्हणजे पांढरी एकच्या बाजासाठी पांढरी दोनचा मेलेला बाजा शोधावा, काळी एकसाठी काळी दोनचा. हा हिशेब बहुतेक पट्ट्यांना लागू आहे. तेही न मिळाल्यास शेजारच्या पट्टीच्या बाजातील त्याच छिद्राचे पाते घेऊन ते अर्ध्या सुराने चढवावे किंवा उतरवावे. वेगळ्या छिद्राचे पाते घेऊ नये, कारण वरच्या छिद्रांकडे जाताना खाचा आखूड होत जातात.

निवडलेले पाते खाचेवर ठेवून पाहावे. लांबीला किंचित जास्त असेल तर टोक कानसता येते. रुंदीला कमी असेल तर सोडून द्यावे. ते बसेल, पण बाजूने हवा गळून सूर फुसका लागेल.

बसवण्याच्या दोन रीती आहेत. नवा पितळी रिव्हेट ठोकणे ही मूळ रीत, पण रिव्हेट आवळला जाताना पाते फिरते आणि मध्यावरून सरकते. त्यापेक्षा पत्र्याच्या भोकात बारीक आटे पाडून घड्याळाच्या स्क्रूसारखा, दीड मिलिमीटरहूनही बारीक स्क्रू बसवावा असे आमचे मत आहे. स्क्रू सैल करून पाते पुन्हा मध्यावर आणता येते आणि पुढच्या वेळी तेच पाते गेले तर पाच मिनिटांत बदलता येते. फुंकीच्या पत्र्यावर पाती आतल्या बाजूस, हवेच्या बोगद्यात असतात. तेथे स्क्रूचे डोके उंच राहिल्यास चौकटीला अडते, म्हणून ते कानसून बसके करावे.

काही जण घाईत डाख देऊन पाते चिकटवतात. हे टाळावे, आणि त्याला दोन कारणे आहेत. पितळेच्या पात्याला लवचीकपणा येतो तो थंड स्थितीत लाटल्यामुळे. जास्त उष्णता लागली की पितळ मऊ पडते व पात्याचा जीव जातो. दुसरे कारण अधिक गंभीर. बाजारातील साध्या डाखेत शिसे असते आणि हा बाजा तोंडात धरावयाचा असतो, बहुधा लहान मुलाने. चार पैसे वाचवण्यासाठी कुणाच्या लेकराच्या तोंडी शिसे घालणाऱ्या कारागिराने दुकानाला कुलूप लावलेले बरे.

पाते बसले की पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरून दोन्ही रेघा सारख्या करून घ्याव्यात, टोकाची उंची ठरवावी आणि मग सुराकडे वळावे. नियम पेटीचाच. टोकाकडचा धातू खरवडला की सूर चढतो, मुळाकडचा खरवडला की उतरतो. पात्याखाली फिलर गेजची पट्टी सरकवून आधार द्यावा. कानस नेहमी पात्याच्या लांबीच्या दिशेने, अगदी हलकी. आडवा ओरखडा म्हणजे नव्या भेगेला आमंत्रण. दर दोन-तीन वेळा कानस फिरवली की पितळेची पूड ब्रशने झाडून सूर ऐकावा. एकदा खरवडलेला धातू परत येत नाही.

कान तयार असेल तर त्याच बाजातील वरच्या वा खालच्या सप्तकातील तोच सूर सोबत वाजवून लाटा येतात का हे ऐकणे पुरेसे आहे. लाटा थांबल्या म्हणजे सूर मिळाला. ज्यांचा कान तितका तयार नाही त्यांच्यासाठी आता मोबाइलवर सूर दाखवणारे ॲप फुकट मिळते. मात्र त्यावर पूर्ण विसंबू नये. पाते श्वासाने गरम होते तेव्हा सूर किंचित उतरतो, म्हणून थंड पात्यावर बिनचूक लावलेला सूर वाजवताना खाली वाटतो. शेजारच्या जुन्या पात्यांशी तो जुळला पाहिजे, यंत्राशी नव्हे.

चोवीस छिद्रांच्या दुहेरी सुराच्या बाजात तर एकाच सुराची दोन पाती मुद्दाम किंचित वेगवेगळी लावलेली असतात. लाटा हीच त्या बाजाची गोडी. नवशिक्या कारागिराने त्या "दुरुस्त" करून बाजाचा आवाज मारल्याची उदाहरणे आहेत.

स्वच्छतेचा प्रश्न

पेटी आणि बाजा यांत हाही एक फरक आहे. दुसऱ्याच्या तोंडातील वाद्य आपण तोंडाला लावू नये, आणि गिऱ्हाइकालाही ते आवडत नाही. २०२० च्या कोरोना साथीनंतर तर कोणीच हे खपवून घेणार नाही. सूर तपासण्यासाठी पेटीचा जुना भाता घेऊन त्याला रबराची नळी जोडावी. फुंक आणि ओढ दोन्ही मिळतील अशी सोय भात्यात सहज करता येते. प्लॅस्टिकच्या चौकटीचा बाजा कोमट पाण्याने धुवावा. लाकडी चौकट पाण्यात बुडवू नये, पत्रे सुटे करून तेवढेच साफ करावेत. बाजा परत देण्यापूर्वी पितळेची पूड एकही कण राहू न देता झाडून काढावी, कारण श्वास ओढताना ती थेट घशात जाते.

धंद्याचे गणित

हा पोट भरण्याचा स्वतंत्र धंदा होईल असे आम्ही म्हणणार नाही. कुणी तसे सांगितल्यास विश्वास ठेवू नये. पेटी, बुलबुलतरंग, ॲकॉर्डियन यांच्या दुरुस्तीला जोड म्हणून मात्र तो चांगला आहे. भांडवल हत्यारांपुरते आणि जागा तीच. पहिल्या काही बाजांना एका पात्याला अर्धा दिवसही जाईल. हात बसला की तासाभरात काम होते.

मजुरी कशी ठरवावी? बाजाच्या किमतीकडे पाहून ठरवणे ही सर्वसाधारण रीत आहे, परंतु ती कारागिराच्या अंगावर येते. वेळ स्वस्त बाजाला तितकाच लागतो. तपासणी व सफाईचा एक दर, पाते मध्यावर आणणे व सूर लावणे याचा दुसरा आणि पाते बदलण्याचा तिसरा, असे तीन दर लिहून भिंतीवर लावावेत. समजा, पाते बदलण्याचा दर बाजाच्या नव्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त होऊ लागला, तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की नवा घ्या आणि जुना मला द्या. त्याचे पैसे वाचतात आणि तुमच्या डब्यात एकोणीस पाती येतात. स्वस्त चिनी बाजाच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच योग्य ठरेल.

आपल्या समाजात धातूच्या हातकामाची परंपरा आहे, तिचा दाखला दूर शोधावा लागत नाही. मिरजेत शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार देण्याचे काम कमी होत गेले तेव्हा तंबोरे व सतारी घडवण्यास सुरुवात केली. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तलवार सोडून तारेकडे वळताना त्यांना कुणी शाळा काढून दिली नव्हती. पेटीच्या सुराकडून माउथ ऑर्गनच्या पात्याकडे वळणे त्या मानाने फारच जवळचे आहे.

गिऱ्हाईक मिळवण्यासाठी वाद्यांच्या दुकानदारांशी बोलून ठेवावे. दुरुस्ती त्यांच्याकडे होत नाही, त्यामुळे त्यांना स्पर्धा वाटत नाही आणि बंद पडलेले, परत आलेले बाजे त्यांच्याकडेच पडून असतात. ते वजनावर मिळाले तरी घ्यावेत. ऑर्केस्ट्रा, बँडवाले, संगीत शिकवणारे शिक्षक यांच्यापर्यंत एकदा नाव गेले की वेगळ्या जाहिरातीची गरज उरत नाही.

सुरुवात करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या बाजावर हात साफ करू नये. दोन-तीन मेलेले बाजे घेऊन त्यांचीच पाती काढावी, त्यांच्यातच पुन्हा बसवावी. दहा पाती सलग सरळ बसली की मग पहिले काम घ्यावे. काढलेली पाती एका डब्यात मिसळू नयेत. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या किंवा घड्याळजीकडचे खणांचे डबे यासाठी उत्तम. प्रत्येकावर कंपनी, पट्टी, छिद्राचा क्रमांक आणि फुंक की ओढ, एवढे लिहावे. वहीतही तेच लिहून पुढे तारीख व गिऱ्हाइकाचे नाव टाकावे, म्हणजे तेच पाते सहा महिन्यांत परत आले तर दोष बसवण्यात होता की वाजवण्यात, हे कळते. आणि बाजा तयार झाल्यावर त्याच दिवशी देऊ नये. रात्रभर ठेवून सकाळी थंड असताना एकदा व वाजवून गरम झाल्यावर पुन्हा एकदा सूर तपासावा, मगच गिऱ्हाइकाला बोलवावे.